दहा लाखांचं उद्यापन

दशलक्षे काकूंना आपण ओळखत नाही असं ज्याला वाटतं, त्याने आधी स्वतःचं व्हॉट्सॲप तपासावं. एक दिवसाआड, रात्री नऊच्या सुमाराला, ‘भाग ८९७ आला आहे, नक्की वाचा’ असा निरोप, त्याखाली लिंक, त्याखाली जोडलेले हात आणि त्याखाली गुलाबाचं फूल, हे ज्यांच्याकडून येतं त्या दशलक्षे काकू. आपण भाग एक ते आठशे शहाण्णव वाचलेले नाहीत याची त्यांना पूर्ण कल्पना असते. निरोप तरीही येतो. आपण अंगठा दाखवतो. त्यांना तो वाचकाचा अंगठा वाटतो.

काही घरांत त्या काकू नसून बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, काही घरांत फार्मसीचे दोन विषय राहिलेला मुलगा असतो. काकांच्या कादंबरीत शिवकाल असतो, मुलाच्या कादंबरीत ड्रॅगन. लागण एकच, वेबकादंबरीची. ही लागण झालेला माणूस पहिले पन्नास भाग गोष्ट सांगतो आणि नंतर आकडा सांगायला लागतो.

इथे जिची कथा सांगायची आहे त्या बाई डोंबिवली पूर्वेला राहतात आणि ठाण्याच्या एका पतपेढीत कॅशियर आहेत. आडनाव अर्थातच दशलक्षे नाही. सहस्रबुद्धे, दशपुत्रे या चालीवर ते सोसायटीने बहाल केलं, तेही टप्प्याटप्प्याने. पहिला लाख शब्द झाला तेव्हा त्या लाखे होत्या, पाचाला पंचलक्षे झाल्या. या चैत्रात एका रविवारी दहा लाखांचे पेढे चारही मजल्यांवर फिरले आणि बढती पक्की झाली. त्यांच्या यजमानांना दूधवालासुद्धा आता मिस्टर दशलक्षे म्हणतो.

कादंबरी सुरू झाली २०२० च्या टाळेबंदीत. त्या दिवसांत लोकांनी घरी पाणीपुरी केली, गच्चीत सूर्यनमस्कार घातले आणि पंधरा दिवसांत दोन्ही सोडून दिलं. काकूंनी सोडलं नाही. नायक सीईओ आहे. कसला सीईओ, हे नऊशे भागांत कळलेलं नाही. तो मीटिंगला जातो आणि मीटिंगहून येतो. गाडी काळी, डोळे घारे. नायिका पतपेढीत कॅशियर आहे. दोघांचं लग्न सहा महिन्यांच्या करारावर झालेलं आहे आणि करार संपला की ती निघून जाणार, असं पहिल्याच भागात ठरलेलं आहे. पाच वर्षं झाली. कराराचे अजून अकरा दिवस शिल्लक आहेत. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यं खोळंबलेली असताना सातशे श्लोकांत गीता सांगून झाली होती; काकूंचा नायक ‘मला तुला काहीतरी सांगायचंय’ हे वाक्य घेऊन चाळीस भाग जिना चढत होता. वर पोचल्यावर फोन वाजला.

हे सगळं खपवून घेता येतं. खपत नाही तो हिशेब.

काकूंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांसारखा त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो, पण दुधाच्या आकड्याखाली लाल पेनाने दुसरा एक आकडा असतो. सोळा तारखेला दीड लिटर, ५४०. सतरा तारखेला एक लिटर, ६१०. अठरा तारखेला दूध नाही, शब्द नाहीत. त्या दिवशी पतपेढीत ऑडिट होतं. महिना संपला की यजमान दुधाची बेरीज करतात आणि काकू शब्दांची. एकदा यजमानांनी चुकून खालच्या ओळीची बेरीज केली आणि भय्याला सोळा हजार लिटर दुधाबद्दल जाब विचारला, ही गोष्ट सोसायटीत अजून सांगितली जाते. यजमान ती नाकारतात. काकू नाकारत नाहीत, कारण तो महिना खरंच सोळा हजारांचा होता.

रोज मोजता मोजता काकूंच्या डोक्यातली बाकीची मापं हळूहळू निवृत्त झाली. डोंबिवलीहून ठाण्याला जायला किती वेळ लागतो असं त्यांना विचारलं, तर उत्तर येतं, “बसायला मिळालं तर चारशे, उभ्याने दीडशे.” दिव्याचं फाटक लवकर पडलं नाही आणि गाडी कोपरला थांबून राहिली, तर बायका रेल्वेला शिव्या घालतात. काकू म्हणतात, दोनशे जादा मिळाले. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे शंभर शब्द. तुरीची डाळ जुनी असेल तर सव्वाशे. कुणाच्या घरी भेटायला जाऊन आल्या तर ‘बाराशे शब्दांचं बसणं झालं’ असं सांगतात, आणि ते घर दुःखाचं असलं तरी माप बदलत नाही. डॉक्टरांनी विचारलं, डोकं दुखायला लागलं की किती वेळ दुखतं? काकू म्हणाल्या, “तीनशे शब्द तरी.” डॉक्टरांनी आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं आणि मग मानेचा एक्स-रे काढला.

या वेडाला घराणं आहे, हे काकूंना ठाऊक नव्हतं. ते तळमजल्यावरच्या सरांनी सांगितलं. सर म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक; त्यांचं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण हाक मारायला कुणी वापरत नाही. सरांनी सांगितलेली गोष्ट अशी. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. पहाटे उठवून कॉफी आणून देणाऱ्या गड्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा मिळत. नोकरी सांभाळून आणि पुढे सोडून त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हा सगळा हिशेब त्याने आत्मचरित्रात मांडून ठेवला, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये छापलं गेलं आणि रसिकांचा असा काही विरस झाला की त्याचं नाव कितीतरी वर्षं खाली गेलं. प्रतिभेचं हजेरीपुस्तक लोकांना बघवत नाही.

काकूंनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “पाव तासात अडीचशे? भाजी कोण निवडायचं?”

प्रश्न बरोबर आहे. मराठीत आज जी माणसं मोबाइलवर कथामालिका लिहितात त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या लेखनाला टेबल नाही. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या व्यासपीठांनी मराठीसह इतर भारतीय भाषांत लिहिण्याची सोय केली आणि संपादकाच्या दारातला उंबरठा एकदम नाहीसा झाला. लिहा, टाका, वाचकाने पाच चांदण्या द्याव्यात. ज्यांना ‘साभार परत’ची भीती होती त्यांची भीती गेली. ‘साभार परत’ची गरज होती त्यांचीही गेली, हे दुसऱ्या बाजूला लिहून ठेवायला हवं. त्यामुळे घारे डोळे, काळी गाडी आणि करारावरचं लग्न यांचं एवढं पीक आलं आहे की महाराष्ट्रात सीईओंची संख्या तलाठ्यांपेक्षा जास्त असावी असा बाहेरच्याचा समज होईल.

काकू लिहितात ते बहुतेक बोलून. सकाळच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, तोंडाजवळ फोन धरून त्या मजकूर सांगतात आणि फोन तो टिपत जातो. रोजच्या बायकांना सवय आहे. नवी बाई असली तर गडबड होते. “तिने त्याच्या पोटात सुरी खुपसली पूर्णविराम रक्ताची धार लागली पूर्णविराम आता मृतदेहाचं काय करायचं प्रश्नचिन्ह” हे ऐकून एक मुलगी मुंब्र्यालाच उतरून गेली होती. फोनला ‘पूर्णविराम’ हे चिन्ह आहे की शब्द, ते नेहमी कळतंच असं नाही. कधी तो टिंब देतो, कधी ‘पूर्णविराम’ असं अक्षरांत लिहून मोकळा होतो. काकू घरी आल्यावर ते तपासतात. सगळे पुसतातच असं नाही. “राहिला तर राहिला,” त्या म्हणतात, “एक शब्द आहे.”

इथून सरांचा आणि काकूंचा झगडा सुरू होतो.

शब्द मोजणारं यंत्र अडाणी असतं. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे काही सापडेल त्याला ते एक शब्द म्हणतं. इंग्रजी लेखक घरात शिरतो तेव्हा तीन शब्द कमावतो. मराठी लेखक ‘घरात’ म्हणतो आणि एकावर समाधान मानतो. काकूंना हा अन्याय पहिल्या लाखाच्या आसपास लक्षात आला. कॅशियरच्या नजरेतून असं काही सुटत नाही. विभक्तीचे प्रत्यय तोडता येत नाहीत, तेवढी लाज त्यांनी बाळगली. पण शब्दयोगी अव्ययांना त्यांनी मोकळं सोडलं. ‘दारापाशी’ उभी असलेली नायिका ‘दारा पाशी’ उभी राहिली. ‘त्याच्यासाठी’ केलेला शिरा ‘त्याच्या साठी’ झाला. ‘रात्रभर’ जागणं ‘रात्र भर’ झालं, ‘घरामध्ये’ ‘घरा मध्ये’, ‘तिच्याबरोबर’ ‘तिच्या बरोबर’. उसासे तर त्यांनी सुटेच विकायला काढले: एक टिंब, जागा, दुसरं टिंब, जागा, तिसरं टिंब. यंत्राने ते तीन शब्द धरले.

सरांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं की शब्दयोगी अव्यय नामाला जोडूनच लिहायचं. मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ त्यांच्याकडे पुठ्ठा घालून, पुठ्ठ्यावर प्लास्टिक घालून ठेवलेलं आहे. त्यांनी जिन्यात काकूंना गाठून सांगितलं, “वहिनी, दार आणि पाशी यांची फारकत करू नका.” काकू म्हणाल्या, “सर, सहा महिन्यांच्या करारावरच आहेत ते.”

दरम्यान ह्यूस्टनच्या भाच्याने एक वाईट बातमी दिली. ‘पायरेटआबा’ या टोपणनावाने लिहिली जाणारी ‘द वाँडरिंग इन’ नावाची इंग्रजी वेबकादंबरी २०१६ पासून चालू आहे आणि तिने एक कोटी शब्दांचा टप्पा केव्हाच मागे टाकला आहे. एका पांथशाळेची गोष्ट. तिचा एकेक भाग कधीकधी वीस-वीस हजार शब्दांचा असतो. जॉन मॅक्रे या कॅनडातल्या लेखकाने ‘वर्म’ ही वेबकादंबरी २०११ ते २०१३ या अडीच वर्षांत लिहून संपवली, तीच सोळा लाखांच्या पुढे गेली. आणि चीनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या छीत्येनसारख्या संकेतस्थळांवर तर लेखकाला दर हजार अक्षरांमागे पैसे मिळतात. लेखकाने पाणी घातलं अशी तिथल्या वाचकांची कायमची तक्रार असते. काकू त्या संध्याकाळी कुणाशी बोलल्या नाहीत. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी उठल्या नाहीत. रात्री भाच्याला उलट फोन करून एवढंच म्हणाल्या, “इंग्रजीत ना ते कोटी? मग मराठीत साठ लाखच भरतील.”

पैशाची गोष्ट निघाली तेव्हा सरांनी त्यांना अलेक्झांडर द्युमाचं उदाहरण दिलं आणि नंतर पस्तावले. द्युमाला ओळीवर मोबदला मिळायचा. १८४४ साली ‘द थ्री मस्केटियर्स’ पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. तिच्यातला ग्रिमो नावाचा नोकर प्रत्येक प्रश्नाला एकेका शब्दात उत्तर देतो, ते ओळी वाढाव्यात म्हणूनच, असं सांगतात. काकूंनी लगेच नायकाच्या ड्रायव्हरला तुटक बोलायला लावलं. तीन भागांनंतर त्यांच्या ध्यानात आलं की याने ओळ वाढते, शब्द वाढत नाही. तेव्हापासून तो ड्रायव्हर जो बोलत सुटला आहे तो बोलतोच आहे. त्याचं बालपण, त्याच्या बहिणीचं सासर, वाशीच्या टोलनाक्यावरचा जुना प्रसंग. नायक मागच्या सीटवर घारे डोळे मिटून बसलेला असतो.

हसणाऱ्यांनी जरा बेताने हसावं. मराठी सामाजिक कादंबरीचा पाया याच क्रमशःवर उभा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणे वैभव’मधून हप्त्याहप्त्याने आली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून तीनेक वर्षं चालली. तिच्यातल्या यमूची हकीकत वाचायला घराघरांत आठवडाभर वाट पाहिली जायची. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांच्यासाठी नंबर लागायचे. २००१ साली सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने ते चार दिवस तीन हजारांवर भाग पुरवले, तेव्हा कुणी शब्द मोजले नाहीत. काकूंच्या आणि हरिभाऊंच्या गुणवत्तेची तुलना करण्याचा इथे हेतू नाही, तेवढं धैर्यही नाही. पण पुढच्या हप्त्याची वाट पाहणारं माणूस दोन्हीकडे एकाच जातीचं आहे. काकूंच्या वाचकांत नाशिकच्या नर्स आहेत, दुबईत एकट्या राहणाऱ्या कुणी आहेत, रात्रपाळीचा एक सुरक्षारक्षक आहे. तो ‘ताई’ म्हणून लिहितो. ही मंडळी काहीही झालं तरी एकच अभिप्राय देतात: ‘भाग छोटा होता.’ आठशे शब्दांचा टाकला, भाग छोटा होता. तीन हजारांचा टाकला, भाग छोटा होता.

दहा लाखांना उद्यापन करायचं काकूंनी आधीच ठरवलं होतं. कल्पना सासूबाईंची. सासूबाई वाईच्या. त्यांनी एका चातुर्मासात लाख वाती केल्या होत्या; शंभर-शंभराच्या जुड्या बांधून डब्यात ठेवायच्या, आणि लाख पुऱ्या झाल्या तेव्हा उद्यापनाला मेहूण जेवायला घातलं होतं. सुनेचे लाल आकडे कालनिर्णयात पाहून त्यांनी विचारलं होतं, हे कसलं व्रत? सांगितल्यावर म्हणाल्या होत्या, मग उद्यापन कर हो, नाहीतर फळ मिळत नाही.

तर त्या रविवारी मेहूण नव्हतं, पण मजल्यामजल्यावरची माणसं होती, पुरणपोळी होती, आणि पेढ्यांच्या बॉक्सवर छापून घेतलेला आकडा होता: १०,००,२१४. यजमानांनी भाषण केलं. ते असं होतं: “कॅशियरच्या भाषेत सांगायचं तर पाचशेच्या नोटांच्या वीस गड्ड्या. फक्त नोटा नाहीत.” टाळ्या पडल्या. मग सर उभे राहिले. त्यांच्या हातात दोनशेपानी वही होती.

सरांनी कादंबरी वाचली होती. पहिल्या भागापासून. वहीत त्यांनी तुटलेल्या प्रत्येक शब्दासाठी एक उभी रेघ मारली होती, पाचवी आडवी, शाळेत हजेरी मोजतात तशी. पानामागून पान रेघा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, लाख श्लोक म्हणून गाजलेल्या ग्रंथातलं प्रक्षिप्त बाजूला काढलं आणि मूळ संहिता पाऊण लाखाच्या आसपास आणून ठेवली. सरांनी हे काम डोंबिवलीत एकट्याने केलं होतं. नुसती टिंबं, राहून गेलेले ‘पूर्णविराम’ आणि फारकत झालेली शब्दयोगी अव्ययं मिळून ३८,४१२. उरले ९,६१,८०२. “वहिनी,” सर म्हणाले, “अजून दहा लाख झालेले नाहीत.”

पुरणपोळीवर तूप थिजेल अशी शांतता पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खाल्लेला पेढा परत करावा की काय अशा मुद्रेने बॉक्सकडे पाहिलं. काकूंनी वही मागून घेतली. चष्मा लावला. अंगठ्याला थुंकी न लावता, स्पंज हाताशी असल्यासारखी, त्यांनी पानं उलटली आणि बेरीज खालून वर आणि वरून खाली अशी दोनदा केली. मग वही मिटून म्हणाल्या, “बरोबर आहे. कॅश शॉर्ट आली तर कॅशियरनेच भरायची असते. भरते.”

इथे हसून विषय संपायला हरकत नव्हती. पण सरांच्या वहीत पात्रवार रकाने होते, कारण मराठीचा शिक्षक रकान्याशिवाय चूक मोजू शकत नाही. ड्रायव्हर, ९,१०६. नायक, त्याच्या जिन्यातल्या उसाशांसह, ११,३४०. नायिका, निवेदन, वकील, खलनायकाची बहीण. शेवटी माईसाहेब, नायकाची आई. त्या रकान्यात शून्य.

सरांना आधी आपलीच चूक वाटली. म्हणून त्यांनी माईसाहेब असलेले सगळे भाग पुन्हा वाचले. शून्यच. माईसाहेब सुरुवातीला खलनायिका होत्या. त्यांनी सुनेचा शालू जाळला होता, तिच्या चहात काहीबाही घातलं होतं. भाग तीनशेच्या पुढे कधीतरी त्या एकाएकी वेगळं बोलायला लागल्या. “माणूस दारात आलं की आधी पाणी, मग चौकशी.” “साखर घालताना हात आखडलास तर आखडलास, बोलताना नको आखडूस.” “मला झोप लागली असं समजून दिवा घालवू नकोस, मी जागी असते.” आखडलेली, नेमकी वाक्यं, एकही शब्द सुटा काढलेला नाही. ज्या कादंबरीत ड्रायव्हर बहिणीच्या सासराबद्दल दोन हजार शब्द बोलतो, त्या कादंबरीत या बाईने दहाबारा शब्दांपेक्षा मोठं वाक्य उच्चारलं नव्हतं. “ही वाक्यं तुमची नाहीत,” सर म्हणाले. नंतर त्यांनाच वाटलं की हे आरोपासारखं ऐकू आलं.

काकूंच्या सासूबाई दोन-अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रात्री त्यांना झोप नसायची. काकू उशाशी बसून फोनवर भाग लिहायच्या आणि टाकायच्या आधी वाचून दाखवायच्या. सासूबाईंना सीईओ म्हणजे काय ते कळत नसे; त्या त्याला ‘तो साहेब’ म्हणायच्या. माईसाहेबांचं वागणं मात्र त्यांना अजिबात पटत नसे. शालू कोण जाळतं? एवढा महाग शालू, विकला नसता का? मधेमधे त्या माईसाहेबांच्या तोंडची वाक्यं सुधारून द्यायच्या आणि काकू ती जशीच्या तशी घालायच्या. दिवाळीनंतर, कार्तिकात, सासूबाई गेल्या. त्याच आठवड्यातल्या भागात माईसाहेबांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या अतिदक्षता विभागात दाखल झाल्या. त्याला आता सत्तर भाग झाले. कथेतल्या घड्याळात चार दिवस. माईसाहेब व्हेंटिलेटरवर आहेत; डॉक्टर येतात, काही सांगता येत नाही म्हणतात, जातात. वाचक वैतागले आहेत. एकीने कळवलं की ताई, आता त्यांना बरं तरी करा नाहीतर सोडून तरी द्या. सोसायटीतही ‘सत्तर भागांचा आयसीयू’ हा विनोद होता. शब्द वाढवायला ठेवलंय म्हातारीला, असं सगळेच म्हणत होते. पण त्या सत्तर भागांत माईसाहेबांच्या नावावर शब्द मुळी नव्हतेच, नळी होती. वाढवलेले शब्द ड्रायव्हरचे होते.

हे कुणी मोठ्याने बोललं नाही. सोसायटीला एवढं कळतं. यजमानांनी आणखी एकदा तूप वाढलं. सर म्हणाले की पुरण उत्तम झालंय, जायफळ किंचित कमी. काकूंनी त्यांना विचारलं, “सर, ‘उद्यापनापुरती’ हे जोडूनच ना?” जोडूनच, सर म्हणाले. काकूंनी बोटं मोडली, म्हणजे खरंच मोजायला मोडली, आणि म्हणाल्या, “पाहा, म्हणजे हाही एक गेला.”

३८,४१२ ची तूट भरायला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून घेतलं आहे. कालनिर्णयात आता दुधाखाली दोन आकडे असतात, एक यंत्राचा आणि एक सरांचा. भाग आला की सर त्या रात्री साडेनऊला आपला आकडा कळवतात, कारण पत्नी गेल्यापासून त्यांच्याकडे साडेनऊला करण्यासारखं दुसरं काही नसतं. हे त्यांनी सांगितलेलं नाही, लिंकवर पडणारी त्यांची पहिली खूण सांगते. वाँडरिंग इनचा कोटी अजून फार दूर आहे, आणि भाच्याला आता ‘कळवत जाऊ नको’ अशी ताकीद दिलेली आहे. कराराचे अकरा दिवस अकराच आहेत.

परवाच्या भागात माईसाहेबांची नळी काढली. सबंध भाग त्यांच्याभोवतीच होता, ड्रायव्हरला खालीच थांबवलं होतं. माईसाहेबांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, “दूध तापवलंस का?” एवढ्यावर भाग संपला. यंत्राने चारशे सहा मोजले. सरांनीही चारशे सहाच मोजले, पाच वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आकडे जुळले, आणि आकड्याखाली त्यांनी एक ओळ जोडली: वहिनी, भाग छोटा होता.